नेवेनकाच्या हाताची मूठ

मी, दोब्रिला योकानोविच, कै. ओब्रेन योकानोविच यांची मुलगी, वय साठ, राहणार द्रेनोवा, धंदा नेमबाजीच्या पिस्तुलांना लाकडी मुठी घडवणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, निळ्या शाईने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. प्रकृती उत्तम आहे. चाचाकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हृदय घोडीचे आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी दटावलेले नाही. न लिहिण्यासाठी भाऊ वुयादिन याने दटावले, पण तो सगळ्यांनाच दटावतो.

नोटरीसाहेब म्हणाले की मृत्युपत्र स्वहस्ते लिहून खाली सही आणि तारीख घातली की पुरे, साक्षीदारांची गरज नाही. कायद्याला नसेल. मला आहे. आमच्याकडे साक्षीदारांशिवाय लग्न होत नाही, बारसे होत नाही; मग शेवटचा कागदच एकट्याने का लिहावा? म्हणून खाली दोन जागा आखल्या आहेत. पहिली कोस्ताकाकांची, त्यांनी हो म्हटले आहे. दुसरी आज कोरी आहे. ती कोणासाठी आहे ते सहाव्या कलमात लिहिले आहे. परवा बुधवारी मित्रोवदान, म्हणजे आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, आमची स्लावा. ती जागा भरली तर परवाच भरेल, नाहीतर कोरीच राहील.

कलम पहिले. आत्ताच का लिहिते.

अक्रोड लावणारा माणूस, खोड त्याच्या कमरेइतके जाड झाले की मरतो, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. म्हणून अक्रोड लावतात ते सत्तरीच्या पुढचे म्हातारे. मी चाळिसाव्या वर्षी लावला, विहिरीच्या वरच्या अंगाला, २००३ च्या शरदात. शेजारणींनी छातीवर बोटांनी क्रूस केला. त्या वेळी मला तसेच हवे होते. का, ते पुढे येईल.

गेल्या महिन्यात सुतळी घेऊन खोड मोजले आणि तीच सुतळी कमरेला लावली. गाठ गाठीवर आली. मधली काही वर्षे मी जाड होत गेले म्हणून निभावले; डॉक्टरीणबाईंना हे कारण मी सांगितलेले नाही.

कलम दुसरे. घर व जमीन.

वडिलांचे राहते घर, मागची कार्यशाळा व आलुबुखारची बाग माझ्या पश्चात माझी भावजय झोर्का हिला द्यावी. भावाला नव्हे, भावजयीला. वुयादिनला घर मिळालेच, कारण तो तिच्याच घरात राहील, आणि छताचे कौल सरकले की तिला विचारून चढेल.

खालच्या शेताची हद्द जुन्या नाशपातीपासून धरावी. वुयादिन, कुंपण तू १९९७ साली एक हात माझ्याकडे सरकवलेस. मी तेव्हा खिडकीतच उभी होते. कॉफी पीत होते, म्हणून बोलले नाही. तो एक हात तुला माफ, पण कागदावर राहू दे.

कलम तिसरे. शिल्लक.

बँकेत जे असेल त्यातून माझे दफन व चाळिसाव्या दिवसाचे जेवण व्हावे. पाद्रीबुवांना भाषण आखूड ठेवायला सांगावे. उरेल ते झोर्काच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला. ती माझ्या मरणापर्यंत थांबणार असेल तर मूर्ख आहे. तिने आत्ताच मागावे.

कलम चौथे. हत्यारे.

सर्व पटाश्या, चार खरड-कानशी, बारीक कानशींचा संच, दाणे पाडायचे अकरा टोचे, शिसाची हातोडी, वडिलांचा कॅलिपर आणि अळशीच्या तेलाची बरणी हेही झोर्कालाच.

यावर घरात हसतील, म्हणून कारण लिहिते. तीस वर्षे झोर्का संध्याकाळी माझ्याकडे घेवडा सोलायला येते. सोलते आणि बघते. मागच्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या मुठीवर मी दाणे पाडत होते. दाणे म्हणजे लाकडावर टोच्याने एकेक ठोकून केलेले खडबडीत ठिपके; त्यांनी घामेजलेला हात सरकत नाही. झोर्का शेंग हातात धरून म्हणाली, "वन्सं, करंगळीखाली जरा विरळ ठोका. तिथं तो जोर देत नाही, त्याला नुसतं टोचेल."

मी विचारले, "तुला कसं कळलं?"

"परवा हात मिळवला ना त्यानं माझ्याशी. करंगळी मेल्यासारखी होती."

मी टोचा तिच्या हातात दिला. तिने पाडलेले दाणे कुठून सुरू होतात ते आज मलाही सांगता येत नाही. वुयादिन दारातून ओरडला, "बायकांनी पिस्तुलाच्या नादाला लागू नये, एक लागली तेवढी पुरे." त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

झोर्का, एकच सांगणे. लोक येतील आणि म्हणतील, मूठ सुंदर कर. सुंदर करू नकोस. माणसाने डोळे मिटावेत, हात उचलावा, डोळे उघडावेत. पुढचे नेमटोक मागच्या खाचेत आपोआप बसलेले दिसले तर मूठ झाली. मनगट एवढेसेही वळवावे लागले तर झाली नाही, मग ती कितीही चकचकीत असो. आणि लोखंडी सांगाड्याची मागची धार अंगठ्याच्या बेचक्यात रुतते, ती कानशीने उतरवायला विसरू नकोस. कारखान्याला ती दिसत नाही. हाताला दिसते.

कलम पाचवे. हात.

कार्यशाळेच्या फळीवर एकशे बारा हात आहेत. मूठ घडवण्याआधी मी माणसाला मळलेली पुटी, म्हणजे कणकेसारखा, हळूहळू घट्ट होणारा लगदा, देते. ती पिस्तुलाभोवती दाबून धरायची, कोपर टेबलावर टेकवून नेम धरल्यासारखे बसायचे आणि दहा मिनिटे हलायचे नाही. पुटी घट्ट झाली की त्यात बोटांची खोलगट जागा राहते, तिलाच मी हात म्हणते. प्रत्येकाखाली नाव आहे. ज्याचा हात त्याला परत द्यावा. मेलेल्यांचे त्यांच्या बायकांना. रुदनिकच्या एका विधवेने नवऱ्याचा हात मागून नेला होता. पुढे ती बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, कधीकधी त्यात बोटं घालून बसते. तेव्हापासून एकही हात मी फेकलेला नाही.

कलम सहावे. भिंतीवरची मूठ.

कार्यशाळेच्या खिडकीशेजारी खिळ्याला लटकलेली, डावीकडून चाकूने ओरबाडलेली अक्रोडाची मूठ माझी कूमा नेवेनका हिला द्यावी.

ती माझी कूमा, म्हणजे लग्नाच्या साक्षीने जोडलेली नातलग, कारण १९८८ साली तिच्या लग्नात तिच्या बाजूची साक्षीदार मी होते. भावाशी भांडता येते, नवऱ्याशी तर रोज येते. कूमाशी भांडले की गाव तोंडात बोट घालते. आम्ही वीस वर्षे बोललेलो नाही.

नेवेनका आमच्या भागातली सर्वांत चांगली नेमबाज होती आणि तिचा हात सर्वांत लहान. कारखान्याच्या मुठी पुरुषांच्या पंज्याच्या. ती त्यात कापड गुंडाळून खेळायची. मी घडवलेली पहिली मूठ तिची, आणि ही भिंतीवरची सातवी. २००३ साली देशाच्या संघाची निवड समुद्रकाठच्या एका गावात होती. ती एकोणचाळीस वर्षांची होती. पुन्हा संधी नव्हती हे आम्हा दोघींना माहीत होते.

वडिलांचा नियम असा की अक्रोडाचा बुंधा सात वर्षे सावलीत सुकला पाहिजे; कमी सुकलेले लाकूड दमट हवेत फुगते आणि पुढे आकसते. माझ्याकडे होता तो बुंधा सहा वर्षे आणि एका हिवाळ्याचा. नेवेनका म्हणाली, "अगं, लाकडाला काय कॅलेंडर कळतं?" मी वापरला.

स्पर्धेआधी पिस्तूल पंचांच्या पेटीत ठेवून बघतात. पेटीत बसले तर खेळायचे. रुंदीला पन्नास मिलिमीटर मुभा असते. माझ्या वहीत निघायच्या दिवशीचा आकडा आहे, एकोणपन्नास पूर्णांक दोन दशांश. नेवेनकाचे पिस्तूल पेटीत गेले नाही. तळहाताखालचा टेकू अडकला. तिला वीस मिनिटे दिली. कुणाचा तरी चाकू घेऊन तिने मूठ उभ्याउभ्या तासली, आणि मग त्या परक्या झालेल्या मुठीने खेळली. एका गुणाने संघ हुकला.

घरी आल्यावर तिने मूठ याच टेबलावर ठेवली. म्हणाली, "तुझं लाकूड ओलं होतं, कूमा."

मुठी घडवणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. आणि मलाही तेच वाटत होते. सहा वर्षे आणि एक हिवाळा. त्या शरदात मी अक्रोड लावला. वडिलांचे एक झाड मी फुकट घालवले होते. त्याच्या बदल्यात एक लावावे, आणि त्याने मला घेऊन जावे, असे काहीसे मनात होते. चाळिशीत माणूस स्वतःला शिक्षाही फार थाटात करतो.

त्या वर्षीच्या स्लावेला नेवेनका आली नाही. पुढच्याही नाही. स्लावेला आमंत्रण देत नाहीत, ज्याला यायचे तो येतो. म्हणजे मला बोलावता येत नव्हते आणि तिला आपण होऊन येणे जमत नव्हते. वीस वर्षे मी एक ताट जास्त मांडले आणि वुयादिनने विचारले, "हे कुणाचं?" आणि मी म्हटले, "पाद्रीबुवा दोनदा जेवतात."

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. कोस्ताकाका आले. जुने पंच, वय एक्क्याऐंशी, शाळेत सुतारकाम शिकवायचे. आता ज्येष्ठांच्या स्पर्धेत खेळतात, हात थरथरतो, मूठ जाड हवी म्हणाले. मी पुटी दिली. कोपर टेकवून बसवले.

"कोस्ताकाका, हलू नका."

"नाही हलत. पोरी, ती भिंतीवरची नेवेनकाची ना?"

"हो."

"अजून ठेवलीस?"

"ठेवली. तुम्ही हलताय."

"हात नाही हलत, जीभ हलतेय. हलू दे. ती पेटी मी केली होती."

मला कळले नाही. "कुठली पेटी?"

"मापाची. लोखंडी पेटी वेळेवर आली नाही. मी म्हटलं, त्यात काय, मी करतो. ओकच्या फळ्या होत्या घरी. नुकत्याच चिरलेल्या. इथं मोजली तेव्हा बरोब्बर पन्नास. तिथं तीन दिवस समुद्राच्या दमट हवेत राहिली. दुपारी पुरुषांची पिस्तुलं आली, तीही अडकली, एकापाठोपाठ तीन. तेव्हा मी कॅलिपर लावला. फळ्या फुगून आत वाकल्या होत्या. साडेअठ्ठेचाळीस."

"मग?"

"मग दुसरी पेटी मागवली."

"आणि नेवेनका?"

"तिचे शेवटचे दहा नेम चालले होते."

"आणि वीस वर्षं, काका?"

"वीस वर्षं रोज म्हटलं, उद्या सांगतो."

मला संताप यायला हवा होता. तो वाटेत कुठेतरी अडकला. त्याऐवजी मी लाकडाच्या ढिगावर बसले आणि हसायला लागले. कोस्ताकाका घाबरले. "अगं रड तरी, नाहीतर मार मला!"

"हात पुटीत आहे तुमचा," मी म्हटले. "सुकू द्या, मग बघते."

ते गेल्यावर मी भिंतीवरची मूठ काढली. टेकू तर चाकूने तासलेला, पण अंगठ्याची बाजू, मागची फुगवट, बोटांच्या खाचा तशाच होत्या, आणि त्यांचे आकडे वहीत होते. एकेक मोजले. केसाचाही फरक नाही. ओले लाकूड असते तर वीस वर्षांत सुकून आकसले असते. ते आकसले नाही. म्हणजे तेव्हाही ते सुकलेलेच होते.

हे मला २००३ सालानंतर कधीही कळू शकले असते. कॅलिपर खिडकीत होता, मूठ त्याच्या शेजारी लटकत होती, मध्ये हातभर अंतर. वीस वर्षे मी जगभरच्या लोकांचे हात मोजले, पण ती मूठ मोजली नाही. ओले निघेल या भीतीने. नेवेनकाने मला एकदा दोष दिला. मी तो रोज सकाळी पुसून पुन्हा भिंतीवर लावला. याचा हिशेब तिच्या नावावर घालता येत नाही.

नेवेनकाला सांगायचे काम मी कोस्ताकाकांना दिले. ज्याची पेटी त्याने सांगावे. शनिवारी ते तिच्याकडे जाऊन आले. मी विचारले, काय म्हणाली?

"काही नाही. दार लावलं."

"तोंडावर?"

"नाही, आधी कॉफी दिली. मी सगळं सांगितलं. मग तिनं माझा कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला, मला बाहेर काढलं आणि दार लावलं."

याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळत नाही. तिला राग कपानंतर आला की कपाआधी? परवा येईल की नाही? आली तर साक्षीची ती कोरी जागा तिचीच. ती आली नाही तर माझ्या पश्चात ही मूठ झोर्काने स्वतः तिच्या हातात द्यावी आणि सोबत वहीचे ते पान द्यावे. बाकी काही बोलू नये. झोर्का, तुलाच सांगते आहे.

कलम सातवे. अक्रोड.

विहिरीवरचा अक्रोड माझ्या मरणानंतर लगेच तोडू नये. लोक म्हणतील, याने तिला नेले. त्याची काही चूक नाही, मी त्याला भलत्या कामावर ठेवले होते. फळे पोरांना, सावली ज्याला हवी त्याला. वठला की बुंधा मुळासकट खणावा, मुळाजवळचा रेषा असलेला भाग मुठींना सर्वांत चांगला. सावलीत सात वर्षे. पूर्ण सात.

येथवर सोमवार दिनांक ६ नोव्हेंबर २०२३ रोजी लिहिले. बुधवार आल्याने यंदा उपासाची स्लावा आहे, म्हणजे मांस नाही, मासे चालतात. आता घेवडा भिजत घालायला उठते.

पुरवणी, ८ नोव्हेंबर २०२३, दुपारी चार वाजता.

सकाळी पाद्रीबुवा येऊन स्लावेचा पाव कापून गेले. कोस्ताकाका आले, वुयादिन आणि झोर्का आली, शेजारी आले. एक ताट जास्त होते. बारा वाजले, साडेबारा वाजले. मासे दुसऱ्यांदा भट्टीत सारले. वुयादिनने ताटाकडे बघितले आणि या वर्षी विचारले नाही.

एक वाजता झोर्का खिडकीतून म्हणाली, "वन्सं, फाटकाशी कोणीतरी बाई उभीय. आत येत नाही नि जातही नाही."

मी जाऊ शकत नव्हते. बोलवायचे नसते. मी स्वयंपाकघरात उभी राहून एकच ताटली चार वेळा पुसली. मग फाटकाची कडी वाजली.

नेवेनका आत आली. केस पांढरे, चष्मा, हातात बाजारातली शेवंती. दाराशी पाहुण्यांसाठी प्रसाद म्हणून ठेवलेल्या शिजवलेल्या गव्हातला एक चमचा तोंडात घातला, क्रूस केला आणि म्हणाली, "स्लावा सुखाची जावो, घरमालकिणी."

"तुझीही."

कोस्ताकाका टेबलाखाली जाण्याच्या बेतात.

"तुझं लाकूड ओलं नव्हतं म्हणे," ती म्हणाली.

"नव्हतं."

"या थेरड्याची पेटी ओली होती म्हणे."

"होती."

"आणि मी वीस वर्षं…"

"मीही. मासे थंड होतायत. बस."

ती बसली, जास्तीच्या ताटावर. दोन पेले राकिया झाल्यावर रडली, तिसऱ्यावर कोस्ताकाकांना असे काही बोलली की ते मी मृत्युपत्रात लिहू शकत नाही, पण ऐकून त्यांच्या तोंडावर रंग आला. वीस वर्षे ते त्याचीच वाट बघत असावेत.

जेवणानंतर मी हा कागद तिला दाखवला. सहावे कलम तिने चष्मा वर करून दोनदा वाचले.

"म्हणजे ही मूठ तू मला मेल्यावर देणार होतीस?"

"हो."

"आणि मी आधी मेले असते तर?"

"तसं लिहिलं नाही."

"नोटरीला दाखवलंस आणि त्यानं हे विचारलं नाही? पैसे परत माग." मग म्हणाली, "आण इकडे."

झोर्काने कार्यशाळेतून मूठ आणून दिली. नेवेनकाने ती धरली, डोळे मिटले, हात उचलला. तिने डोळे उघडले आणि बोटांकडे बघितले. सांधे सुजलेले आहेत तिचे, आता वर्षे झाली म्हणाली. मधले बोट खाचेत बसत नव्हते.

"कूमा, ही मला होत नाही," ती म्हणाली.

"दिसतंय."

"तेव्हा नेमकी होत होती. चाकू लावण्याआधी. माझ्या आयुष्यात तेवढं नेमकं काही…" तिने वाक्य सोडून दिले. "आता काय करायचं?"

"नवा हात घ्यायचा."

तेव्हा सहाव्या कलमात पुढील बदल करावा. मूठ हयातीतच दिलेली आहे, म्हणून नेवेनकाला माझ्या पश्चात काहीही देणे नाही. नोटरीसाहेब म्हणाले होते की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार नसलेले बरे. आता तिला काही मिळत नाही, म्हणून ती सही करू शकते. तिने विचार केला नाही, पेन मागितले. तिच्या लग्नाच्या कागदावर माझी सही आहे. इतकी वर्षे ती फेड राहिली होती.

पहिल्या कलमातही बदल. नेवेनकाने सुतळी मागितली. तिला मी झाड का लावले ते कळल्यावर ती विहिरीवर गेली, खोड मोजले, परत येऊन माझी कमर मोजली, सर्वांसमोर, आणि जाहीर केले की मासे, घेवडा आणि अक्रोडाच्या तीन वड्यांनंतर मी झाडाच्या दोन बोटे पुढे आहे. वुयादिनने हे माप पुन्हा घेण्याची मागणी केली. ती फेटाळली.

बाकी सर्व कलमे कायम.

नेवेनका शुक्रवारी सकाळी दहा वाजता हात द्यायला येणार आहे. लाकूड कपाटावर आहे, अकरा वर्षे सुकलेले. मूठ व्हायला सहा आठवडे लागतील, तिच्या सांध्यांमुळे कदाचित आठ. तोवर हे मृत्युपत्र अमलात आणू नये.

हे सर्व मी लिहिले, वाचले, आणि मला मान्य आहे.

दोब्रिला योकानोविच
(सही)

साक्षीदार पहिला: कोस्ता मिलिवोयेविच, निवृत्त शिक्षक व पंच. (सही. थरथरली आहे, पण माझीच आहे. पेटीही माझीच होती.)

साक्षीदार दुसरी: नेवेनका तादिच, मृत्युपत्र करणारीची कूमा. (सही)

स्थळ: द्रेनोवा, योकानोविच यांचे स्वयंपाकघर
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२३, मित्रोवदान